मंथनीचा आमदार आणि परराष्ट्र मंत्रालय

काझीपेठ आणि बल्लारशा यांना जोडणाऱ्या लोहमार्गावर रामगुंडम, मंचेरियाल आणि सिरपूर कागजनगर यांच्या ओळीत बेल्लमपल्ली हे सिंगरेणीच्या कोळसा खाणींमुळे नावारूपाला आलेले गाव आहे. निजामाचे हैदराबाद संस्थान, नंतरचे हैदराबाद राज्य, आंध्र प्रदेश आणि आता तेलंगण अशा चार राजवटी या गावाने पाहिल्या. आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर २०१६ पासून ते मंचेरियाल जिल्ह्यात गेले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे भाग मराठी प्रदेशाला जोडले गेले, त्यामुळे तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू या भाषांची सरमिसळ ही येथील रोजच्या व्यवहारातली गोष्ट राहिली. गोदावरी ओलांडून दक्षिण काठावर गेले की मंथनी लागते. या मंथनीने १९५७ ते १९७७ अशी सलग वीस वर्षे ज्या आमदाराला निवडून दिले, तो पुढे दोनदा भारताचा परराष्ट्रमंत्री आणि अखेर पंतप्रधान झाला. पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव यांची ही वाटचाल परराष्ट्र धोरणाचे नेतृत्व भारतात कसे घडते हे समजून घेण्यासाठी विशेष उपयोगी आहे, कारण त्या नेतृत्वाकडे जाणारा जो रस्ता सर्वांना माहीत आहे, त्या रस्त्याने ते गेलेच नाहीत.

तो माहितीचा रस्ता स्पर्धा परीक्षेतून जातो. ९ ऑक्टोबर १९४६ रोजी मंत्रिमंडळाच्या निर्णयाने भारतीय परराष्ट्र सेवा स्थापन झाली आणि तिच्यात येणारे अधिकारी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतील गुणानुक्रम आणि स्वतः नोंदवलेली पसंती यांच्या आधारे निवडले जातात. मसुरीतील पायाभूत प्रशिक्षण आणि दिल्लीतील परराष्ट्र सेवा संस्थेतील अभ्यासक्रम संपल्यावर प्रत्येकाला एक परकी भाषा नेमून दिली जाते, ती सक्तीने शिकावी लागते, आणि पुष्कळदा ही भाषाच पुढच्या नेमणुकांची दिशा ठरवते. परदेशातील कचेरीत तृतीय सचिव या पदापासून सुरुवात होते. त्यानंतर द्वितीय सचिव, प्रथम सचिव, समुपदेशक अशा पायऱ्या चढत अधिकारी राजदूतपदापर्यंत पोहोचतो, आणि दोन परदेशी नेमणुकांच्या मधल्या काळात दिल्लीत अवर सचिव, उपसचिव, संचालक, सहसचिव अशा समांतर पदांवर काम करतो. राष्ट्रकुलातील देशांत राजदूताला उच्चायुक्त म्हणतात. काम तेच असते. कोणताही राजदूत पाठवण्याआधी यजमान देशाची संमती घ्यावी लागते आणि तेथे पोहोचल्यावर त्याने राष्ट्रप्रमुखाला अधिकारपत्रे सादर केली म्हणजेच त्याचा औपचारिक कारभार सुरू होतो. या सर्व व्यवहाराला १९६१ च्या व्हिएन्ना कराराचा आधार आहे. शिडीच्या टोकाला परराष्ट्र सचिव असतो. तो मंत्रालयाचा प्रशासकीय प्रमुख असला तरी धोरणाचा अंतिम निर्णय घेण्याचा अधिकार त्याला नसतो.

मराठी माणसांनी ही शिडी वेगवेगळ्या ठिकाणांहून गाठली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुल लाट या खेड्यातून आलेले ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये सेवेत दाखल झाले, जपानी शिकले, टोकियोपासून मालदीवमधील उच्चायुक्तपद आणि न्यूयॉर्कमधील महावाणिज्यदूतपद यांपर्यंत गेले आणि पुढे दिल्लीत सचिव झाले. पासपोर्टसारख्या सामान्य नागरिकाच्या जिव्हाळ्याच्या विषयाशी त्यांचे नाव जोडले गेले. १९८१ च्या तुकडीतील विजय गोखले यांची कारकीर्द चिनी भाषेभोवती उभी राहिली. हाँगकाँग, बीजिंग, मलेशिया, जर्मनी आणि पुन्हा राजदूत म्हणून बीजिंग असा प्रवास करून २०१८ ते २०२० या काळात ते परराष्ट्र सचिव होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी चीनवर पुस्तके लिहिली. त्यांच्या कितीतरी आधी राम साठे यांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत सिंक्यांगमधील काशगरच्या भारतीय वाणिज्य वकिलातीचे काम पाहिले होते. ती वकिलात पुढे कायमची बंद झाली आणि साठे १९७९ मध्ये परराष्ट्र सचिवपदी पोहोचले.

परीक्षेबाहेरूनही माणसे आली. प्रजासत्ताकाच्या आरंभीच्या काळात अनुभवी राजनैतिक अधिकारी पुरेसे नव्हते, म्हणून संस्थानिक घराण्यांतील, विद्यापीठांतील आणि राजकारणातील व्यक्तींची थेट नेमणूक होई. औंधच्या राजघराण्यातील अप्पासाहेब पंत यांना जवाहरलाल नेहरूंनी १९४८ मध्ये पूर्व आफ्रिकेसाठी आयुक्त म्हणून नैरोबीला पाठवले. तेथील आफ्रिकी राष्ट्रवाद्यांशी त्यांनी इतकी जवळीक साधली की ब्रिटिश वसाहत सरकार नाराज झाले. त्यानंतर सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन आणि इटली अशा नेमणुका त्यांना मिळत गेल्या. हैदराबादचे नवाब अली यावर जंग उस्मानिया विद्यापीठाच्या कुलगुरुपदावरून राजनैतिक क्षेत्रात आले, कैरोपासून वॉशिंग्टनपर्यंत राजदूत राहिले आणि शेवटी महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. ही वाट आज पूर्ण बंद झालेली नाही. अमेरिकेसारख्या महत्त्वाच्या देशात अधूनमधून सेवेबाहेरची राजकीय नेमणूक होते, पण ती अपवाद म्हणूनच.

तिसरी वाट निवडणुकीची. परराष्ट्रमंत्री हा संसदेचा सदस्य असतो. त्याने जगाचा अभ्यास केलेला असावा अशी कोणतीही घटनात्मक अट नाही, आणि बहुतेक परराष्ट्रमंत्री राज्याच्या राजकारणातून किंवा केंद्रातील इतर खात्यांतून या खात्यात येतात. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदावरून १९६२ मध्ये संरक्षण खात्यात गेले, गृह आणि अर्थ ही खाती सांभाळून १९७४ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले, आणि १९६२ च्या युद्धाच्या सुमारास तुटलेले राजदूत पातळीवरील चीन-संबंध पुन्हा जोडण्याचा निर्णय एप्रिल १९७६ मध्ये त्यांनीच संसदेत जाहीर केला. या वाटेची अडचण अशी की माणूस खात्यात येईपर्यंत त्याच्याजवळ राजकीय कसब भरपूर जमा झालेले असते, मात्र विषयाची ओळख त्याला खुर्चीवर बसल्यानंतरच करून घ्यावी लागते. नरसिंह रावांच्या बाबतीत ही अडचण पूर्ण खरी नाही, आणि ती का खरी नाही याचे उत्तर मंथनी, नागपूर आणि चांदा या परिसरातच सापडते.

२८ जून १९२१ रोजी वरंगळ जिल्ह्यातील लक्नेपल्ली येथे जन्मलेले राव तेव्हाच्या करीमनगर जिल्ह्यातील वंगरा येथे दत्तक घराण्यात वाढले. घरी तेलुगू आणि सरकारदरबारी उर्दू असा त्या काळच्या तेलंगणातील शिकलेल्या मुलाचा भाषाव्यवहार होता. १९३८ मध्ये निजामाच्या राज्यातील महाविद्यालयांत वंदे मातरम् गाण्यावर बंदी आली तेव्हा आंदोलनात भाग घेतलेल्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, आणि त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. राव त्यांतलेच एक होते. नागपूरनंतर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात विज्ञानाची पदवी घेतली आणि पुन्हा नागपूरला येऊन कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. या वर्षांत त्यांनी मराठी आत्मसात केली ती लेखनापर्यंत. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला, तर विश्वनाथ सत्यनारायण यांची ‘वेयि पडगलु’ ही तेलुगू कादंबरी हिंदीत नेली. पुढे त्यांच्या भाषांच्या यादीत स्पॅनिशसारख्या परकी भाषांचीही भर पडली. परराष्ट्र सेवेतील उमेदवाराला भाषा नेमून द्यावी लागते. येथे संस्थानाच्या एका हुकुमाने परागंदा झालेल्या विद्यार्थ्याने ती गरजेपोटी घेतली होती.

हैदराबादचा प्रश्न हा स्वतः एक परराष्ट्र-प्रश्न होता, हे आज सहसा लक्षात घेतले जात नाही. १५ ऑगस्ट १९४७ नंतर निजामाने भारतात विलीन होण्यास नकार दिला, लंडनमध्ये आपला प्रतिनिधी ठेवला आणि ऑगस्ट १९४८ मध्ये आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेले. सप्टेंबरमध्ये भारतीय सैन्याने कारवाई केली त्या गोंधळात संस्थानाचे सुमारे दहा लाख पौंड लंडनमधील पाकिस्तानी उच्चायुक्ताच्या खात्यावर वळवले गेले, आणि या पैशावरचा दावा इंग्लंडच्या न्यायालयात २०१९ पर्यंत रेंगाळून अखेर भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने निकालात निघाला. या काळात संस्थानाच्या सीमेबाहेर, तेव्हाच्या मध्य प्रांतातील चांदा येथे काँग्रेसचा तळ होता. निजामाच्या राजवटीविरुद्ध सरहद्दीवरून चाललेल्या हालचालींमध्ये राव या तळावरून सहभागी होते. सरहद्द ही नकाशावरची रेघ असून तिच्या दोन्ही बाजूंना एकच भाषा बोलणारी माणसे राहतात, आणि ती रेघ पुसली किंवा हलवली तरी तिच्याशी जोडलेले तंटे मागे राहतात, हा धडा त्यांना पुस्तकाबाहेर मिळाला. पुढे त्यांच्या चीन आणि श्रीलंकाविषयक भूमिकांमध्ये जी सावध, घाई न करणारी वृत्ती दिसते तिचे मूळ काही अंशी येथे असावे, असे म्हणण्यास जागा आहे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते हरले. १९५७ मध्ये मंथनीतून जिंकल्यानंतर आंध्र प्रदेशात कायदा, धर्मादाय, आरोग्य आणि शिक्षण ही खाती त्यांनी सांभाळली आणि सप्टेंबर १९७१ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. जमीनधारणेवर मर्यादा घालण्याचा त्यांचा आग्रह मोठ्या जमीनदारांना रुचला नाही. त्यातच स्थानिकांना नोकऱ्यांत प्राधान्य देणारे जुने मुल्की नियम वैध ठरल्याने किनारी आंध्रात ‘जय आंध्र’ आंदोलन पेटले आणि जानेवारी १९७३ मध्ये त्यांचे सरकार जाऊन राष्ट्रपती राजवट आली. राज्याच्या राजकारणातील त्यांचा अध्याय असा अपयशात संपला. दिल्लीला आलेल्या रावांच्या पाठीशी स्वतःचा गट नव्हता, जातीचे संख्याबळही नव्हते, आणि नेमक्या याच कारणामुळे इंदिरा गांधींना ते विश्वासू आणि निर्धोक वाटले. परराष्ट्र खाते ज्या माणसाकडे जाते तो पुष्कळदा पंतप्रधानाला आव्हान देऊ न शकणारा असतो. भारतीय राजकारणातील हा कटू नियम रावांच्या १४ जानेवारी १९८० च्या नेमणुकीलाही लागू पडतो.

त्या वेळी सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरून तीन आठवडेही झाले नव्हते. परराष्ट्र सचिवपदी राम साठे होते. मंत्री तेलुगू आणि सचिव मराठी, पण दोघांच्या कामाचा पिंड सारखाच, म्हणजे कागदपत्रे बारकाईने वाचण्याचा. जून १९८१ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री हुआंग हुआ दिल्लीला आले आणि त्या भेटीतून सीमाप्रश्नावर अधिकारी पातळीवरील चर्चेच्या फेऱ्या सुरू झाल्या. मार्च १९८३ मध्ये दिल्लीत अलिप्ततावादी राष्ट्रांची शिखर परिषद भरली, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दक्षिण आशियातील सात देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठकही दिल्लीत झाली आणि पुढे सार्क म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेचा पाया तेथे घातला गेला. मात्र या सगळ्याचे श्रेय एकट्या मंत्र्याला देणे बरोबर होणार नाही. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांविरुद्ध हिंसाचार उसळला तेव्हा राव तातडीने तेथे गेले खरे, पण काही आठवड्यांतच श्रीलंकेचा विषय पंतप्रधानांचे विश्वासू गोपालस्वामी पार्थसारथी यांच्याकडे गेला. धोरणाचे दोर पंतप्रधानांच्या हाती होते आणि मंत्री ते दोर ओढले जाताना जवळून पाहत होता.

या साडेचार वर्षांना उमेदवारी म्हणणे अधिक योग्य ठरेल, आणि तिचे मोल नंतर कळले. १९८४ च्या निवडणुकीत हनमकोंड्यात ते पराभूत झाले, पण त्याच वेळी विदर्भातील रामटेकमधून निवडून आले. नागपूरच्या विद्यार्थिदशेत कमावलेली मराठी त्यांना येथे राजकीय आसरा देऊन गेली. १९८९ मध्येही रामटेकनेच त्यांना लोकसभेत पाठवले. म्हणजे १९८८-८९ मध्ये दुसऱ्यांदा परराष्ट्रमंत्री असताना ते महाराष्ट्राचे खासदार होते, ही गोष्ट मराठी वाचकांच्या स्मरणात फारशी राहिलेली नाही. त्या दुसऱ्या कारकिर्दीत डिसेंबर १९८८ ची राजीव गांधींची बीजिंग भेट घडली. भारतीय पंतप्रधान चौतीस वर्षांनी चीनला जात होते, आणि १९८१ पासूनच्या अधिकारी पातळीवरील चर्चांचा सारा पूर्वेतिहास परराष्ट्रमंत्र्याला स्वतःच्या अनुभवातून ठाऊक होता.

१९९१ मध्ये त्यांनी निवडणूक लढवली नाही आणि ते राजकारणातून बाहेर पडण्याच्या तयारीत होते. २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली आणि बरोबर एक महिन्याने, २१ जूनला, राव पंतप्रधान झाले. सोव्हिएत संघ कोसळत होता, परकी चलनाची गंगाजळी आटली होती, आणि ज्या जागतिक मांडणीवर भारताचे धोरण तीन-चार दशके उभे होते ती मांडणीच मोडत होती. आर्थिक सुधारणांसाठी डॉ. मनमोहन सिंग यांचे नाव सर्वतोमुखी असते. परराष्ट्र व्यवहारात मात्र पंतप्रधानाला बाहेरून तज्ज्ञ आणावा लागला नाही. परराष्ट्रमंत्री माधवसिंह सोळंकी यांनी मार्च १९९२ मध्ये राजीनामा दिल्यावर काही महिने त्यांनी हे खाते स्वतःकडेच ठेवले आणि परराष्ट्र सचिव जे. एन. दीक्षित यांच्यासारख्या मुरब्बी अधिकाऱ्यांना मोकळीक दिली.

इस्राएलचा निर्णय त्यांच्या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. भारताने इस्राएलला १९५० मध्ये मान्यता दिली होती, परंतु त्यानंतर दीर्घकाळ फक्त मुंबईत इस्राएलची वाणिज्य वकिलात चालत असे आणि राजदूतांची देवाणघेवाण टाळली जात होती. जानेवारी १९९२ मध्ये पॅलेस्टाइनचे नेते यासर अराफत दिल्लीत आले, त्यांच्याशी बोलणी झाली, चीननेही त्याच महिन्यात इस्राएलशी संबंध जोडले, आणि २९ जानेवारीला भारताने पूर्ण राजनैतिक संबंधांची घोषणा केली. जुन्या मित्राला आधी विश्वासात घ्यायचे आणि मग तोंडातून शब्द काढायचा, ही ती रीत. चीनच्या बाबतीत ७ सप्टेंबर १९९३ रोजी झालेला शांतता आणि स्थैर्याचा करार हा त्याच चिकाटीचा परिणाम होता. प्रत्यक्ष ताबारेषा म्हणजे दोन्ही सैन्यांच्या ताब्यातील प्रदेश वेगळा करणारी, परंतु दोघांनीही कायदेशीर सीमा म्हणून न स्वीकारलेली रेषा. सीमेचा अंतिम निकाल लागेपर्यंत या रेषेचा मान राखायचा, असे या करारात ठरले. रेषा नेमकी कोठून जाते याबद्दल मतभेद कायम राहिल्यामुळे हा करार अपुरा होता हे नंतरच्या घटनांनी दाखवले, पण दोन दशकांहून अधिक काळ सीमेवर मोठा रक्तपात झाला नाही, यातही त्याचा वाटा होता. आग्नेय आशियाकडे वळण्याचे ‘लुक ईस्ट’ धोरण, १९९२ मध्ये आसियानशी सुरू झालेली क्षेत्रीय भागीदारी आणि सप्टेंबर १९९४ मध्ये सिंगापूरमधील व्याख्यानातून त्या धोरणाला मिळालेली सैद्धांतिक बैठक, हे याच काळातले.

मार्च १९९४ चा जिनिव्हा प्रसंग राजकारणी आणि अधिकारी यांच्यातील फरक सर्वांत स्पष्ट करतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात पाकिस्तानने काश्मीरबाबत भारतावर ठपका ठेवणारा ठराव आणला, तेव्हा रावांनी भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांच्याकडे सोपवले आणि राज्यमंत्री सलमान खुर्शीद यांना त्यांच्यासोबत पाठवले. इराण आणि चीन यांच्या भूमिकेमुळे पाकिस्तानला तो ठराव मागे घ्यावा लागला. इतर देशांची मने वळवण्याचे बारीक काम अधिकाऱ्यांनी केले होते, आणि ते त्यांनीच करायचे असते. पण विरोधी पक्षाच्या नेत्याला देशाच्या वतीने उभे करण्याची कल्पना कोणत्याही सचिवाच्या अधिकारात बसणारी नव्हती. ती ज्याने विधानसभेत, लोकसभेत आणि पराभवांत आयुष्य घालवले त्यालाच सुचू शकते आणि तोच ती निभावू शकतो.

अलीकडे परीक्षेची आणि निवडणुकीची या दोन वाटा एकत्र येऊ लागल्या आहेत. के. नटवर सिंह यांनी परराष्ट्र सेवा सोडून १९८४ मध्ये निवडणुकीचे राजकारण पत्करले आणि वीस वर्षांनी ते परराष्ट्रमंत्री झाले. एस. जयशंकर परराष्ट्र सचिवपदावरून निवृत्त झाल्यानंतर फार काळ न जाता २०१९ मध्ये थेट मंत्री झाले आणि गुजरातमधून राज्यसभेवर गेले. परराष्ट्र सचिव राहिलेली व्यक्ती या खात्याची मंत्री होण्याची ही पहिली वेळ. विषयाची जाण, भाषा, परदेशी नेत्यांशी जुना परिचय या सगळ्या बाबतीत अशा मंत्र्याची तयारी रावांच्या १९८० मधील तयारीपेक्षा निश्चितच अधिक असते. त्याला फक्त मंथनीसारखा मतदारसंघ वीस वर्षे सांभाळावा लागलेला नसतो. जमिनीच्या वादात मुख्यमंत्रिपद गमावण्याची आणि एका राज्यात हरून दुसऱ्या राज्यात, तेथील भाषेत मते मागण्याची पाळी त्याच्यावर आलेली नसते. बदलत्या जगात यांपैकी कोणती तयारी अधिक कामी येते याचा निवाडा अजून झालेला नाही, आणि परराष्ट्र धोरणाचे परिणाम दशकांनी दिसत असल्यामुळे तो इतक्यात होण्याचीही शक्यता नाही.